रिकाम्या खुर्चीला दिलेलं वाक्य

जागेश्वरने उभी हयात नाटकात काढली, पण तोंडाला रंग म्हणून कधी लावला नाही. तो प्रॉम्प्टर, पडद्यामागून नटांना वाक्यं पुरवणारा. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस आले की नाटक मंडळी गावोगाव फिरायची, आणि तालमीला दांडी मारून थेट प्रयोगाला उगवणारे थोर थोर नट त्याच्याच कुजबुजीवर टाळ्या घ्यायचे. त्याला याचा केवढा अभिमान! ऐन मंडईत बायको, सत्यभामाबाई, तापाने फणफणली. सून तृप्तीने फोन केला, तर हा म्हणाला, आजचा प्रयोग उरकून येतो. आला तेव्हा ती गेलेली होती.

त्यानंतर त्याने नाटक सोडलं, आणि बोलणंही. नुसता ओसरीवर बसून असायचा. शेवटी तृप्तीच त्याला कारध्याच्या शिबिरात घेऊन गेली. नाटकातून मन मोकळं करायचं, जगण्याचा हेतू शोधायचा, असं ते शिबिर. घेणारी रिता, नागपूरची. सासऱ्याने, तिच्या मामाजींनी, एकदा गेलेल्या आईंशी बोलून घ्यावं, म्हणजे माणसात येतील, एवढीच तृप्तीची आस.

रिताने सगळ्यांना गोलात बसवून मधे रिकामी खुर्ची ठेवली. इथे सत्यभामाबाई बसल्यात, म्हणाली, राहिलेलं बोला.

जागेश्वर उठला, आणि समोर जायचं सोडून सवयीने खुर्चीच्या मागे जाऊन उभा राहिला. रिताने पुढे यायला सांगितलं. त्याच्या कानात शिरलंच नाही. तो वाकला आणि नटाला द्यावं तसं, अगदी हळू, वाक्य दिलं.

"मी नाही रागावली तुमच्यावर."

मग थांबला. नट अडला की प्रॉम्प्टर तेच वाक्य पुन्हा देतो. त्यानेही दिलं. परत दिलं. ते पाहवत नव्हतं. तृप्ती न राहवून उठली आणि सासूच्या वतीने तेवढं म्हणायला खुर्चीत बसू लागली.

"नको बसू," जागेश्वर मोठ्याने म्हणाला. "थे असं म्हणलीच नसती. मीच बोलून राहिलो तिच्यासाठी."

जागेश्वरने सुनेकडे पाहिलं. इतके महिने जे विचारायची त्याची छाती झाली नव्हती, ते त्याने विचारलं.

"शेवटी काय म्हणली थे?"

तृप्तीने मान खाली घातली.

"नाटक सुटलं का, येवढंच पुसत होत्या, मामाजी. सुटलं, आता येतीलच, म्हणून सांगितलं मी."