नव्या सँडलचा खोका

पापनिवेदनाला मी जाते. नाताळाआधी, ईस्टरआधी, न चुकता. जावेची चुगली केली, नवऱ्यावर ओरडले, संध्याकाळी रोजरीची माळ जपताना डुलक्या काढल्या — सगळं फादरांना सांगते आणि हलकी होऊन घरी येते. हे एक मात्र दरवेळी जिभेवर येतं आणि मी गिळते. नवऱ्याला सांगितलं नाही, लेकीला नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसांसमोर माझी जीभ फार शहाणी आहे हो.

मी मराठीची शिक्षिका, आता निवृत्त. वसईच्या पश्चिमेला केळीच्या वाडीत आमचं घर, आणि मागे भाड्याने द्यायची एक खोली. तिथे सुलभा आली, लेकीला घेऊन. आचोळ्याला त्यांचं स्वतःचं घर होतं. इमारत बेकायदा निघाली आणि पाडली. घर घेताना कुणी काही बोललं नाही, पाडताना मात्र जो तो शहाणपण शिकवायला पुढे. नवरा आधीच आजारपणात गेलेला. सुलभा वसई पूर्वेला एका गाळ्यात पॅकिंगचं काम करायची. लेक अश्विनी सहावीत. शाळेतून आली की आई येईपर्यंत माझ्या ओट्यावर बसायची.

आमच्या आळीतली पोरं तिला काय म्हणायची माहितीये? ‘पाडलेली.’ ए पाडलेली, बॉल दे! पोरं वाईट नव्हती. रविवारी चर्चमध्ये मिस्साला येणारी, म्हाताऱ्यांची बाजाराची पिशवी उचलणारी. पण वाडीत वाढलेल्या पोराला घर जाणं म्हणजे काय ते कुठून कळणार? आम्ही मोठी माणसं तरी काय बोलत होतो — ‘ही बिल्डिंगवाली आली आणि विहिरी आटल्या.’ पोरं तेच ऐकत होती.

अश्विनी महिनाभर माझ्याशी ‘हो टीचर, नाही टीचर’ एवढंच बोलली. मग एका दुपारी मी वालाच्या शेंगा निवडत होते, तीही निवडायला बसली, आणि मान खाली घालून बोलू लागली. घर रिकामं करायच्या दिवशी आई खाली टेम्पोत सामान चढवत होती. तिथून तिने ओरडून सांगितलं, बाबांचा फोटो घे. अश्विनी हो म्हणाली. पण एका हातात दप्तर होतं आणि दुसऱ्यात नव्या सँडलचा खोका. एकदाही न घातलेल्या सँडल हो! हे खाली ठेवते आणि फोटोला परत येते, असं तिने ठरवलं. खाली आली तर जिन्यावर पोलीस उभे. वर सोडेनात.

बाबा भिंतीवर राहिले, हार घातलेले. आईला तिने सांगितलं की फोटो टेम्पोत ठेवला होता. टेम्पो काकाचा. सुलभाने दिराला नाही नाही ते बोलून घेतलं आणि त्याचं नाव टाकलं. आणि ही एवढीशी पोर ते सगळं पोटात ठेवून शाळेत जात होती. ‘आईला सांगू नका,’ म्हणाली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, नाही गं बाय, कध्धी नाही.

आता नाताळ. आमच्याकडे आळी-आळीत गोठा करतात — बाळ येशूच्या जन्माचा देखावा. नुसता गवताचा नाही, दरवर्षी काही विषय घेऊन. ध्वनिफीत लावतात, गावोगावची माणसं बघायला येतात, बक्षिसं असतात. त्या वर्षी मी पोरांना म्हटलं, येशूचंही कुटुंब घर सोडून परदेशी पळालंच ना? मग गोठा पाडलेल्या इमारतीत मांडू या. पोरांना ते एकदम पटलं. खोटं कशाला सांगू, त्या महिन्यात पोरं खरंच बदलली. अश्विनीला बोलावून घेतलं, खिडकीचं ग्रिल कसं असतं, पाण्याची टाकी कुठे असते, सगळं तिला विचारून केलं. पुठ्ठ्याचं ग्रिल तर तिने स्वतः कापलं. ‘पाडलेली’ हा शब्द बंद झाला. मी तेवढ्यावर थांबले असते तर?

ध्वनिफितीचं लेखन माझ्याकडे होतं. मी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं — सगळं कोरडं. आणि मग, काय सांगू, तिची गोष्ट आपोआप कागदावर उतरली. पोरांना कळावं म्हणून लिहिली? हो, तेही होतं. पण ‘टीचरांनी काय लिहिलंय!’ हे ऐकायचं होतं, तेही होतं. नाव बदललं. सहावीची पाचवी केली. तेवढ्याने झालं, अशी मनाची समजूत घातली. सँडलचा खोका मात्र काढवेना. इतका खरा होता ना तो! हातातलं सोनं कुणी टाकतं का? माझं नव्हतं ते सोनं. पण टाकवलं नाही.

आळीतल्या जेसनने आवाज दिला. पोराचा आवाज छान. फीत पहिल्यांदा वाजली तेव्हा बायका डोळे पुसत होत्या, आणि मी — मी खूश होते.

दुसऱ्या संध्याकाळी अश्विनी आईला हाताला धरून गोठा दाखवायला घेऊन गेली. आपण कापलेलं ग्रिल दाखवायला. फीत तिने ऐकली नव्हती. आम्ही कुणी तिला ऐकवलीच नव्हती. मायलेकी गर्दीत उभ्या राहिल्या, आणि जेसनच्या छान आवाजात सुलभाला कळलं की तिच्या नवऱ्याचा फोटो कुठे राहिला.

इथवरचं मी फादरांना सांगू शकले असते. मूर्खपणा झाला, विश्वास मोडला, क्षमा करा. इथून पुढचं नाही.

दोघी थेट माझ्या ओट्यावर आल्या. सुलभाचा चेहरा पांढरा पडलेला. तिने विचारलं, “टीचर, ही गोष्ट तुमच्याकडे कुठून आली?” आणि मी, एका दमात, पेपर तपासताना बोलावं तसं म्हणाले, “अगं, ते पोरांनी लिहिलंय. मी नुसतं शुद्धलेखन बघितलं.”

अश्विनीने माझ्याकडे पाहिलं. रडली नाही, चिडली नाही. मग आईकडे वळून म्हणाली, “मीच सांगितलं पोरांना.”

सुलभा तिथेच पायरीवर बसली. म्हणाली, “अख्ख्या गावाला सांगितलंस आणि मला नाही? मी भावजींना काय काय बोलले गं!” त्यानंतर कितीतरी दिवस मागच्या खोलीतून बोलण्याचा आवाज आला नाही. नुसता भांड्यांचा. आमच्या गोठ्याला पहिलं बक्षीस मिळालं. उन्हाळ्यात सुलभाला विरारला मनवेलपाड्यात खोली मिळाली आणि त्या गेल्या. जाताना अश्विनी माझ्या पाया पडली. पडायला लावलं होतं आईने.

आता मला आजूबाजूच्या गावांतून बोलावतात, तरुण पोरांशी बोलायला — घर गेलेल्या मुलांशी कसं वागावं यावर. मी सांगते, त्यांना गोष्ट विचारू नका. खेळायला घ्या, शेजारी बसा. आपणहून सांगितली तर ऐका, आणि ती तुमची नाही हे लक्षात ठेवा. खरं तेच सांगते. पोरं लिहून घेतात. एकीने विचारलं, टीचर, तुम्हाला हे कसं कळलं? मी म्हटलं, अनुभवाने. केवढ्या टाळ्या!

एक सांगायचं राहिलंय. अश्विनीने ते स्वतःवर का घेतलं? आदल्याच आठवड्यात सुलभाने माझ्याकडे खोलीच्या कराराची गोष्ट काढली होती. अकरा महिने भरत आले होते, पुढचे अकरा मिळतील का? आणि मी उगाचच, घरमालकिणीच्या तोऱ्यात, ‘बघू’ म्हटलं होतं. अश्विनी शेजारीच बसलेली होती. एक घर गेलेलं पोर ते. टीचरना खोटं पाडलं तर हेही जाईल, एवढा हिशोब तिने ओट्यावर उभ्या उभ्या केला आणि आईसमोर स्वतः खोटी ठरली.

आणि हे मला नंतर, विचार करून वगैरे कळलेलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं तेव्हाच कळलं. कळलं, आणि हायसं वाटलं. मी पुढे झाले, सुलभाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “जाऊ दे गं. लहान आहे. तिला माफ कर.”