अमेरिकेचा गहू आणि माझे गुलाबजाम

महायुद्ध संपल्यावर काही वर्षांतच अमेरिकेत इतका गहू साठला, की कोठारं पुरेनात; मग युद्धात माल वाहिलेली जुनी जहाजं नदीत उभी करून त्यांत गहू भरून ठेवला. जपानमधल्या कोबेच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठलेच. "अगं बाई!" असं मोठ्यानं म्हणालेही. शेजारच्या मुलीनं दचकून माझ्याकडे पाहिलं.

पण गप्प कशी बसणार? अमेरिकन सरकारनं शेतकऱ्यांना भावाची हमी दिलेली, आणि युद्ध संपलं तरी ती काढून घ्यायची छाती एकाही पुढाऱ्याची नव्हती. मतं जातील ना! उसाच्या भावाचा विषय निघाला की आमच्याकडचे पुढारी कसे मऊ होतात ते मी लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे वॉशिंग्टन मला एकदम सांगली-कोल्हापूरसारखं ओळखीचं वाटायला लागलं. हे जास्तीचं धान्य आणि दुधाची पावडर मग मदत म्हणून देशोदेशी गेली, जपानलाही आणि आपल्यालाही. यावरच पीएचडी करायची, असं मी ठरवून टाकलं.

मी ठरवून काय होणार? सेन्सेईंनी, म्हणजे माझ्या गाईडनी, हो म्हणायला हवं होतं. निवृत्तीला आलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. सेमिनारमध्ये विषय मांडायचा आणि तो त्यांना पटला नाही, तर शिष्यवृत्ती बंद, बाडबिस्तरा गुंडाळून पुण्याला परत. या विचारानं आठवडाभर मला अन्न गोड लागत नव्हतं.

आदल्या संध्याकाळी आईचा फोन आला.

"हातावर दहीसाखर ठेवायला मी तिथे नाही," ती म्हणाली. "निदान सगळ्यांचं तोंड तरी गोड कर."

"इथे खवा कुठून आणू?"

"अगं, दुधाच्या पावडरचे कर गुलाबजाम. परदेशात सगळ्याजणी तेच करतात!"

खरंच होतं ते. सुपरमार्केटमधून पावडर आणली, भारतीय दुकानातून वेलदोडे आणले. गोळे न फुटता तळले गेले, तेव्हा हा शुभशकुन समजून मी स्वयंपाकघरात चक्क नाचले.

सेमिनारमध्ये मी तावातावानं बोलले. सेन्सेई नेहमीसारखे डोळे मिटून बसलेले. ते झोपलेले नसतात हे मला ठाऊक होतं, तरी जीव टांगणीला लागला. माझं संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"मतं आहेत, भाव आहेत, जहाजं आहेत," ते म्हणाले. "पण हे सगळं खाल्लं कोणी? तुमच्या विषयात खाणारं माणूसच नाही. मला अजून विचार करावा लागेल."

त्यांचं 'विचार करावा लागेल' म्हणजे नकारच, हे इथे सगळ्यांना माहीत असतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. पण डबा तर आणलेला! चहाच्या सुट्टीत तो उघडून सगळ्यांपुढे धरला. सेन्सेईंनी एक खाल्ला, मग आपण होऊन दुसरा घेतला.

"फार छान. कशाचे केलेत?"

"दुधाच्या पावडरचे!" मी अभिमानानं सांगितलं.

सेन्सेईंनी बशी खाली ठेवली. माझ्याबरोबरची मुलगी हळूच कानात पुटपुटली, की त्यांच्या पिढीतल्या माणसांसमोर त्या पावडरचं नावही काढायचं नसतं. झालं! मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

"शाळेत रोज दुपारी मिळायची," सेन्सेई सावकाश म्हणाले. "अमेरिकेहून आलेली. गरम पाण्यात कालवून, अॅल्युमिनियमच्या वाडग्यात. असा वास यायचा की मी नाक दाबून प्यायचो. वाडगा संपल्याशिवाय खेळायला सोडत नसत."

माफी मागायची सोडून मी वहीच ओढली! वास कसला? साय यायची का? सोबत काय असायचं? सगळे माझ्याकडे बघत राहिले, पण माझं तोंड थांबेना. आमच्याकडेही रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी यायची, हे मी त्यांना सांगितलं. मिलो म्हणायचे तिला. भाकरी थापली की तुकडे पडायचे. आई लहान होती, ती रडायची. आजी म्हणायची, गरजवंताला अक्कल नसते, खा गुमान.

"मग आईंनी खाल्ली?" सेन्सेईंनी विचारलं.

"खाल्ली. अजूनही ती ताटात कण टाकत नाही."

"मीही टाकत नाही," ते म्हणाले, आणि मी त्यांना पहिल्यांदाच मोठ्यानं हसताना ऐकलं. "आज आईंना फोन करा. सगळं नीट विचारून घ्या. पहिलं प्रकरण त्यांचं."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. "आणि दुसरं?"

त्यांनी डब्यातला तिसरा गुलाबजाम उचलला. डावा हात सवयीनं नाकाकडे गेला, नाक दाबलं गेलं, आणि सगळी खोली हसली. मग त्यांनी नाकावरचा हात काढला, गुलाबजाम सावकाश चावून खाल्ला, आणि माझ्या वहीकडे बोट दाखवून म्हणाले, "लिहा."