कठड्याबाहेरची शेवंती

सहाव्या मजल्याच्या कठड्याबाहेर शेवंतीच्या कुंड्या तारेनं टांगण्याची अक्कल माझीच. परतीच्या पावसात मुळं कुजू नयेत, पाणी बाहेरच्या बाहेर गळावं, एवढाच हेतू. त्या संध्याकाळी खराडीत वारा सुटला आणि भिजून जड झालेल्या कुंड्यांची तार उलगडताना दिसली. ओढायला हात घातला, तर कुंड्या आणखी कलल्या. खाली नेमकी येण्याजाण्याची वाट आणि बायकोची कंपनीची बस यायची वेळ. तिचा फोन लागेना. तसाच धावत जिने उतरलो आणि त्या वाटेवर हात पसरून उभा राहिलो. ती फाटकातून येताना दिसताच ओरडलो, "तिथंच थांब, वरच्या कुंड्या सुटतायत."

तिनं आधी वर पाहिलं, मग माझ्याकडे.

"अहो, मग त्या फुटू नयेत म्हणून खाली डोकं धरलंय का?"