पहिल्या पानावरचा फ्यूज

हैदराबादेत, नारायणगुड्यात आमचं छोटं वर्कशॉप होतं. दवाखान्यांत पेशंटचे टोकन नंबर दाखवणारे लाल आकड्यांचे बोर्ड आम्ही बनवायचो. मालक वडिलांच्या ओळखीचे, म्हणून मी त्यांना काका म्हणायची. सर्किटचं काम माझ्याकडे होतं. मग काकांचे जावई परदेशातून परत आले आणि काकांनी त्यांना माझ्या डोक्यावर बसवलं.

या माणसाला कुठलाही कागद पहिल्या पानापुढे वाचायची सवय नव्हती. फ्यूजच्या निवडीतच ते मला कळलं. आमच्या बोर्डात वितळून जाणारा फ्यूज नसतो, एक पिवळी चकती असते. जास्त करंट गेला की ती तापते आणि प्रवाह जवळजवळ अडवते. वीज बंद करून थंड होऊ दिली की पुन्हा पहिल्यासारखी. बोर्ड पाऊण अँपिअर खायचा. मी एक पॉइंट पस्तीसची चकती निवडली होती.

"एवढी मोठी कशाला?" जावई म्हणाले. "पॉइंट नऊची घ्या. प्रोटेक्शन टाइट पाहिजे."

"सर, तो आकडा पंचवीस डिग्रीचा आहे. पेटीत उन्हाळ्यात साठपर्यंत जातं. तिथे तुमची चकती पॉइंट सहाच्या पुढे केव्हाही अडेल. चकतीच्या माहितीपत्रकात पुढच्या पानावर ग्राफ आहे."

"रूम टेंपरेचर पंचवीसच असतं, मॅडम."

ज्या रूममध्ये ते बसायचे, तिथे असायचंही. एसी त्यांच्याच टेबलाच्या वर होता. काका मान खाली घालून म्हणाले, "जावईबापू म्हणतात तसं करू या."

मे महिन्यात अंबरपेठच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला. तिथे पेशंट पत्र्याच्या शेडखाली बसतात आणि आमचा बोर्ड पत्र्याला लागूनच टांगलेला. रिसेप्शनवरची बाई वैतागून म्हणाली, "तीन बजे बोर्ड सो जाता, मॅडम. लोगां एक-दूसरे पे चढ रईं. शाम को बंद करके चालू करो तो चलता."

जावई स्वतः बघायला गेले. सकाळी गेले, अर्थातच. बोर्ड छान चालू होता. परत येऊन त्यांनी निकाल दिला, "व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे. आणि शेडमध्ये एसी बसवायला सांगा." डोळ्यात थेंब घालून बसलेल्या म्हाताऱ्यांसाठी उघड्या शेडला एसी! मला हसूही आलं नाही.

दुपारी मी गेले आणि पेटीत थर्मामीटर ठेवला. साठाच्या जरा पुढे. आकडा सांगितल्यावर जावई एकदम उदार झाले. "मग तीन अँपिअरची घाला. विषय संपला."

"चकती खात्रीने अडायला आकड्याच्या दुप्पट करंट लागतो, म्हणजे हिला सहा, सर. आपला अडॅप्टरच तीनचा आहे, त्याहून जास्त देत नाही. शॉर्ट झालं तरी ती कधीच अडणार नाही."

"तुम्ही फार थिअरी बोलता."

म्हणून मी काकांना टेबलाजवळ बोलावलं, तीनची चकती लावली आणि बोर्डाच्या दोन वायरी मुद्दाम जोडल्या. चकती जाम अडेना. अडॅप्टर हात लावता येणार नाही इतका तापला, बारीक वायरीचं आवरण मऊ पडलं, खोलीत जळका वास सुटला. काकांनी घाईघाईने बटण बंद केलं. मग माझी चकती लावली. थोड्या वेळात ती गरम होऊन गप्प बसली, वायर थंडच.

काका वायरीला बोट लावून म्हणाले, "म्हणजे जावईबापू म्हणत होते तेच. जरा मोठी पाहिजे होती."

त्या क्षणी मला जावयापेक्षा काकांचीच जास्त किळस आली. जावई निदान खरोखर अडाणी होते.

दवाखान्यात माझी चकती बसली. नंतरच्या कडक दुपारींतही बोर्ड झोपला नाही. जावई गिऱ्हाइकांना ऐटीत सांगू लागले, "हैदराबादच्या उन्हाचा आम्ही खास अभ्यास केलाय."

एकदा मात्र काका बाहेर गेलेले बघून ते माझ्या टेबलापाशी आले. "मॅडम, तो ग्राफ वाचायचा कसा?" आवाज अगदी हळू होता. मी पेन्सिल घेतली, खालच्या रेषेवर तापमान दाखवलं, तिथून ती वर रेषेपर्यंत नेली. डावीकडच्या करंटच्या आकड्यापर्यंत जायचं अजून बाकी होतं, तेवढ्यात ते फोन काढून कुणाला तरी मेसेज करू लागले.

मी कागद मिटून ड्रॉवरमध्ये टाकला आणि माझ्या कामाला लागले. ग्राफ अर्धाच झालाय, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. "थँक यू," म्हणून निघून गेले.