रशियन टेपवरची दहावी

"दक्षिणेचा डेटा वगळून टाका," सल्लागार म्हणाला, तेव्हा त्या दक्षिणेचा माणूस माझ्या शेजारीच बसला होता. सालेम. दक्षिण येमेनमधल्या एडनच्या परीक्षा खात्यातला अधिकारी. पूर्वी सदाशिव पेठेत खोली घेऊन त्याने बी.एस्सी. केलं होतं, त्यामुळे मोडकंतोडकं मराठी बोलायचा. विमानात मांडीवर ठेवून त्याने मॅग्नेटिक टेपची रिळं आणली होती.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. कर्वेनगरमधल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीला येमेनचं काम मिळालं होतं. सगळ्या देशाचे शालेय निकाल एका सिस्टिममध्ये आणायचे. मी प्रोजेक्ट लीड. खर्च एका परदेशी संस्थेचा, आणि हा अमेरिकन सल्लागार त्या संस्थेचा.

येमेन आधी दोन होते. दक्षिण येमेन ब्रिटिशांच्या हातून सुटला आणि रशियाच्या गोटात गेला. उत्तरेचा ओढा अमेरिकेच्या बाजूला. महासत्तांनी आपापल्या बाजूला बंदुका दिल्या, शिक्षक दिले, कॉम्प्युटरही दिले. पुढे रशियाच डळमळला. दोन्ही येमेन एक झाले, मग आपसात लढले, उत्तर जिंकलं. आता सल्लागाराचं म्हणणं, रशियन मशीनवरचा डेटा वाचता येत नाही, तेव्हा उत्तरेच्या रेकॉर्डवरच सिस्टिम चालवा. म्हणजे एडनमध्ये दहावी झालेल्या माणसाची उद्या कोणी खातरजमा केली, तर उत्तर येणार: असा विद्यार्थी नाही.

मी मूळची नागपूरची, मेश्राम. आमच्या घराण्यात माझे वडील पहिले मॅट्रिक. कुणाची दहावी अशी बसल्याजागी खोडणं मला साधं वाटत नव्हतं.

"वाचून बघितलंय का?" मी विचारलं. गरज नाही, असं उत्तर आलं.

आमचे डायरेक्टर आपटे सर मला बाहेर घेऊन गेले. क्लायंट दुखावला तर पुढचं काम जाईल, आपण जगाचं राजकारण सोडवायला बसलेलो नाही, असं त्यांनी समजावलं.

"राजकारण त्यांनी केलंय, सर. मी फक्त टेप लावून बघते."

माझा हट्ट उगाच नव्हता. नोकरीच्या सुरुवातीला एका सरकारी संस्थेत मी रशियन मशीनवर काम केलं होतं. आपण कुठल्याच गटात नव्हतो, त्यामुळे आपल्याकडे दोघांचीही मशीन आली. तिथेच कळलं होतं, की ते रशियन मशीन अमेरिकन मशीनवरून उतरवलेलं आहे. टेप तशीच, लिहायची पद्धत तशीच. कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर आकड्याच्या रूपात ठेवतो. कुठल्या अक्षराला कुठला आकडा, हे ठरवणारा तक्ता म्हणजे कोड. अंकांचा कोडही दोघांचा एकच.

जुन्या ओळखीने एका संस्थेतला टेप ड्राइव्ह दुपारपुरता मिळाला. सालेमला स्कूटरवर मागे बसवून गेले. रीळ चढवलं. सीट नंबर आणि मार्क स्वच्छ वाचता आले. नावांची मात्र गिचमिड. अरबीसाठी एडनच्या प्रोग्रामरने स्वतःचा कोड बनवला होता, आणि तो कधीच देश सोडून गेला होता.

सालेम खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसला. मग म्हणाला, मला माझा सीट नंबर पाठ आहे. तो शोधला. पुढची गिचमिड म्हणजे त्याचं नाव. त्यातून काही अक्षरं उलगडली. मग वर्गातल्या मुलांची नावं तो अंदाजाने लावत गेला, आणि एकेक अक्षर जागेवर बसत गेलं. एका नावावर तो थांबला.

"हा लढाईत गेला, मॅडम," तो म्हणाला. "इथे पास आहे."

आम्ही पुढचं नाव घेतलं.

पुढच्या मीटिंगमध्ये सल्लागाराने स्क्रीनवर एडनचे निकाल पाहिले. हे स्कोपमध्ये, म्हणजे ठरलेल्या कामात, नाही, एवढंच म्हणाला.

"चालेल," मी म्हटलं. "मग तसं लिहून द्या. डेटा वाचता येतो, तरी दक्षिणेचे विद्यार्थी वगळावेत. खाली तुमची सही. मी लगेच वगळते."

तो कागद चाळत राहिला. आपटे सर इतका वेळ चष्मा पुसत होते. तो डोळ्यांवर चढवून त्यांनी शांतपणे विचारलं, "पेन देऊ का आपल्याला?"

सही झाली नाही. एडनचे सगळे निकाल सिस्टिममध्ये चढले. कामाचा दुसरा टप्पा अर्थातच दुसऱ्या कंपनीला गेला.

अमेरिकेचं मशीन उतरवून घेताना रशियाला काही वावगं वाटलं नव्हतं. त्यांच्या वैराची झळ बसणार होती ती एडनच्या दहावीच्या पोरांना. तेव्हापासून कोणी मला 'वाचता येत नाही' असं सांगितलं, की मी एवढंच विचारते: येत नाही, की वाचायचं नाही?