मास्तरांची दोन इंच कंबर

शिवणकामात मास्तरांचा हात धरणारा कोणी नव्हता. गिऱ्हाइकाची कंबर ते नुसत्या नजरेनं सांगत. स्वतःच्या कमरेचा विषय निघाला की मात्र मूग गिळून गप्प.

मग तपासणीत साखर थोडी वर निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज चाला, जेवण आवरा, पोटाचा घेर उतरवा. आणि जमलं तर ताटात थोडी आंबवलेली भाजी घ्या, पोटाला बरी. बायकोनं त्यातलं शेवटचं तेवढं उचललं. कोबी-गाजर चिरून मिठाच्या पाण्यात बुडवायची, वर वजन ठेवायची आणि बुडबुडे आले का ते रोज सकाळी बघायची. आठवड्यानं भाजी आंबली की मास्तरांच्या डब्यात.

दुकानात डबा उघडला की त्या आंबट वासानं मास्तर नाक दाबायचे. पहिल्या दिवशी दोन घास कसेबसे गिळले. दुसऱ्या दिवसापासून डबा मागच्या गटारात उपडा करायला लागले. तिचं मन मोडवत नाही म्हणून, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

पुढचं मात्र ठरवून केलं. महिनाअखेर ती विचारणार, फरक पडला का? मास्तरांनी आपल्या पँटची मागची शिवण उसवली, आत राखलेलं कापड सोडलं आणि कंबर इंचभर सैल केली. पुढच्या महिन्यात आणखी इंचभर. घरी कमरेत पंजा घालून दाखवला, तेव्हा बायको हरखून गेली. शेजारीपाजारी तोंड भरून सांगत सुटली. मास्तरांना लाज वाटत होती, पण आता खरं बोलायचं कोणत्या तोंडानं?

"तुम्हाला एवढा गुण आलाय, तर मीही खाते," ती म्हणाली. तिला रक्तदाबाची गोळी चालू होती. एवढं मीठ हिला चालेल का, हे मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं.

"बेतानं खा गं," एवढंच ते बोलले.

"तुम्ही डबाभर खाता की!"

ती दोन्ही वेळेला वाटीभर खायला लागली. महिन्याभरात तिचे पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं. दवाखान्यात दंडाला पट्टा आवळून डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहिला आणि रक्तदाब पुन्हा एकदा मोजला.

"एवढं मीठ कशातून जातंय पोटात?"

"भाजीतून असेल. पण यांची कंबर बघा ना डॉक्टर, चांगली दोन इंच उतरली!"

धरणीनं पोटात घ्यावं, असं मास्तरांना झालं.

"उतरली नाही," ते म्हणाले. "पँट मी उसवली. भाजी रोज गटारात टाकली. एक दिवसही खाल्ली नाही धड."

बायको त्यांच्याकडे वळली. आता ही चार लोकांत आपली लाज काढणार, आणि काढावीच, असं त्यांना मनापासून वाटलं. दंडावरचा पट्टा अजून तसाच होता.

"फार आंबट लागत होती का हो?" तिनं विचारलं. "सांगायचं ना. तुमच्यासाठी वेगळी बरणी लावली असती."