चौथ्या कपाखालची चिठ्ठी

टेबलावर कॉफीचे सात कप होते आणि खोलीत मी एकटा होतो. मला ओळखणाऱ्यांना पुढचं सांगायची गरज नाही.

माझी मावसबहीण, म्हणजे ताई, चमचे धुवायला आत गेली होती. ती बाहेर आली की तिला हसवायचं म्हणून मी एका व्यापाऱ्याच्या चालण्याची नक्कल घोटत होतो. व्यापारी वळला, त्याचं पोट वळलं, आणि माझं कोपर टेबलाला लागलं. दोन बश्या सरकल्या. थेंबभरही कॉफी सांडली नाही, म्हणून मी स्वतःवर खूश झालो. मग खाली पाहिलं, तर जमिनीवर घडी घातलेल्या दोन चिठ्ठ्या पडल्या होत्या.

प्रत्येक कपाच्या बशीखाली एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर ती कॉफी पिकवणाऱ्याचं नाव. चव घेणाऱ्याला नाव कळू नये म्हणून कप दुसऱ्या कुणी मांडायचे असतात, आणि ते दुसरं कुणीतरी म्हणजे मी. पडलेल्या चिठ्ठ्या चौथ्या आणि पाचव्या कपाखालच्या होत्या. कुठली कुठल्या कपाची, हे मला त्या क्षणी अगदी ठामपणे माहीत होतं. आणि ते चूक होतं. ताईची चाहूल लागली तेव्हा मी दोन्ही चिठ्ठ्या बश्यांखाली सारून, हात पाठीमागे बांधून उभा होतो.

ताईने सतरा वर्षं वजनमापं तपासायच्या कचेरीत काढली होती. दुकानदार तिला तराजूताई म्हणत, आधी पाठीमागे आणि मग तोंडावर. नवरा गेल्यावर तिने मोटार विकली, रिकाम्या गॅरेजात पिंपासारखी एक भट्टी बसवली आणि कॉफी भाजू लागली. भिंतीला पोती, मधोमध टेबल, दारात एक बाक. कारखाना म्हणायचा तो एवढाच. दरवर्षी ती स्वतः डोंगरावर जायची. मध्ये दलाल नाही. तोडणीच्या आधीच भाव ठरवायची आणि नंतर बाजार पडला तरी तो मोडायची नाही. पाकिटावर मळा कुणाचा आणि दाणे वाळवले कुणी, दोघांची नावं छापायची. आणि चाचणी झाली की प्रत्येकाला स्वतःच्या हाताने पत्र लिहायची. माल घेतला तर का घेतला, आणि नाही घेतला तर का नाही.

"अगं, जुन्या ओळखीच्या माणसाचा माल नाव बघून घेतलास तर काय बिघडलं?" मी एकदा विचारलं होतं.

"मग नवीन माणसाने माझ्या दारात कशाला यायचं?" ती म्हणाली. "तुझे विनोद ऐकायला?"

तर ती बाहेर आली आणि चाचणी सुरू झाली. चमचाभर कॉफी फुर्रकन ओढायची, तोंडात घोळवायची, थुंकायची, वहीत लिहायचं. इतक्या नीटनेटक्या बाईने इतका मोठा आवाज करावा याचं मला दरवेळी हसू यायचं. त्या दिवशी आलं नाही. चौथा कप तिला सगळ्यांत आवडला. पाचवा तिने लगेच खाली ठेवला. "ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते," ती म्हणाली. "वाळवताना घाई केलीय कुणीतरी."

मग तिने चिठ्ठ्या उघडल्या. पाचव्या कपाखाली नाव निघालं वळणावरच्या बाबांचं.

डोंगरावरच्या शेवटच्या वळणावर बाबांचा मळा. गेली अकरा वर्षं ताई त्यांच्याकडून कॉफी घेत होती. वाळवणीचं काम बाबांची बायको करायची. ती वारली आणि यंदा पहिल्यांदाच मुलीने ते हातात घेतलं होतं. ताईनेच आठ दिवस तिथे राहून तिला शिकवलं होतं.

ताईने चिठ्ठी दोनदा उलटून पाहिली. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "चहा टाकू का?" कॉफीच्या कारखान्यात! ती हसलीही नाही. तिने कागद ओढला आणि लिहिलं, की यंदा वाळवणीत ओल राहिली आहे, माल घेता येत नाही, मनाला लागेल हे कळतं, पण खोटं लिहिणार नाही. ते पत्र टपालात मीच टाकलं. पेटीच्या तोंडाशी हात थोडा थांबला होता, एवढं माझ्या बाजूने सांगता येईल. जास्त नाही.

तीन आठवड्यांनी, चौथ्या कपाखाली ज्याचं नाव निघालं होतं त्या मळेवाल्याची पोती आली. ताईने पहिलाच घाणा भट्टीत टाकला आणि खोलीभर ओल्या पुठ्ठ्याचा वास पसरला. तिने भट्टी बंद केली. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मूठभर दाणे काढले, हुंगले.

"मी प्यायले ती ही नव्हे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "कप तू मांडले होतेस."

मी सगळं सांगितलं. व्यापाऱ्याची नक्कलसुद्धा सांगितली, कारण ती वगळली असती तर माझं कोपर तिथे का होतं हे समजलं नसतं. ती ओरडेल, निदान चमचा तरी फेकेल अशी माझी आशा होती. तिने फक्त एप्रन काढून खुंटीला लावला.

"सकाळची पहिली बस," ती म्हणाली. "तूही येतोयस."

बाबा अंगणात बसले होते. वाळवणाच्या जाळ्या भिंतीला उभ्या करून ठेवलेल्या. ताईने उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की माल उत्तम होता, अकरा वर्षांतला सगळ्यांत चांगला, आणि चूक आमची झाली. माझी म्हणाली नाही, आमची म्हणाली.

बाबांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "माल व्यापाऱ्याला दिला, ताई. त्याने सगळ्यांच्या ढिगात मिसळलासुद्धा."

"आणि मुलगी?"

"गेली शहरात. साबणाच्या कारखान्यात, पाकिटं भरायला. ती सांगत होती, बाबा, मी दिवसातून वीस वेळा दाणे उलटवलेत, रात्री गारठ्याआधी झाकलेत. मी म्हटलं, मग ताईंनी खोटं लिहिलंय का? त्या खोटं लिहीत नाहीत. तुझ्या आईने कमावलेलं तू एका वर्षात घालवलंस." त्यांनी पायाशी पडलेली काडी मोडली. "असं बोललो मी तिला."

माझ्याकडे अशा वेळेसाठी नेहमी एखादा विनोद असतो. त्या अंगणात मी भिंतीला टेकवलेल्या जाळ्या मोजल्या.

परतीच्या वाटेवर आम्ही साबणाच्या कारखान्याच्या फाटकाशी उतरलो. जेवणाची सुट्टी झाली. मुलगी बाहेर आली. डोक्याला फडकं, हाताला साबणाची पूड. ताईने तिलाही सगळं सांगितलं. पाकिटावर तिचं नाव छापायचं होतं, पुढच्या हंगामात नक्की छापू, बाबा वाट बघताहेत, हेही सांगितलं.

"आलंय कळून," मुलगी म्हणाली. "बाबांचा फोन आला होता. रडत होते."

"मग चल ना परत."

"मावशी, तुमचं पहिलं पत्र त्यांनी खरं मानलं. आता तुम्ही दुसरं सांगितलंत, तेही खरं मानलं." ती हातावरची पूड झटकत राहिली. "मी दोन्ही वेळा एकच सांगत होते."

भोंगा झाला. मुलीने वाकून ताईला नमस्कार केला, अगदी पूर्वीसारखा, आणि आत गेली. तो नमस्कार केला नसता तर बरं झालं असतं.

बसमध्ये ताई मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसली होती. तीन थांबे गेले. शेवटी मला राहवेना.

"येईल गं ती," मी म्हणालो. "बापाचाच राग आहे, किती दिवस टिकणार? हंगामापर्यंत येईल बघ."

ताईने खिडकीतून नजर न काढता सांगितलं, "मी आले नसते."